पंचफुलाबाईची हरकत

सरकारी भांडारात वस्तूंच्या दोनच जाती असतात, नाशवंत आणि टिकाऊ. खडू नाशवंत, फळा टिकाऊ. तेहतीस वर्षं तंत्रनिकेतनाचं भांडार सांभाळल्यावर माणसांकडेही मी त्याच नजरेने बघू लागलो. प्राचार्य नाशवंत, तीन वर्षांत संपतात, नवीन मागवावे लागतात. कँटीनवाली पंचफुलाबाई ताथोड मी रुजू झालो त्याच्या पुढच्या वर्षी आली. ती पहिल्या दिवसापासून टिकाऊच्या वहीत. शेरा: आवाज मोठा, धार शाबूत.

तिच्याकडे चहा प्यायचा म्हणजे आधी ऐकून घ्यायचं. "काऊन रे इंगोल्या, भांडार काय पळून चाल्लं? बस घडीभर." हे तिचं मायेचं बोलणं. रागाचं बोलणं इथे लिहीत नाही, कारण ते पुढे एका सीलबंद पाकिटातून येणारच आहे.

दोन वर्षांपूर्वी, दोन हजार एकोणचाळीसच्या उन्हाळ्यात, तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय अर्धा परत आला, जीभ लुळी पडली. महिनाभराने तिच्या गळ्यात कंठिका आली.

कंठिकेचं शास्त्र मला प्रणिता खंडारेने समजावलं. प्रणिता आमच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेची निदेशक, विद्यार्थिनी असल्यापासून पंचफुलाबाईच्या शिव्यांवर वाढलेली. आपण बोलतो तेव्हा मेंदू गळ्याच्या, जबड्याच्या, जिभेखालच्या स्नायूंना विजेचे हुकूम सोडतो. जीभ लुळी पडली तरी हुकूम सुटायचे थांबत नाहीत. त्यांची क्षीण चाहूल, व्होल्टच्या काही लाखाव्या भागाइतकी, कातडीवर लागते. कंठिका म्हणजे गळ्याभोवतीची पट्टी. तिच्या आतल्या चकत्या ही चाहूल टिपतात आणि पट्टीतलं यंत्र त्यावरून शब्द ओळखून बोलून दाखवतं.

इथवर सगळं चांगलंच. पण चाहूल गढूळ असते. एकाच चाहुलीतून पाच-सहा वाक्यं निघू शकतात. मग यंत्र त्यांतलं सर्वांत संभाव्य वाक्य निवडतं, आणि संभाव्य काय, हे ते कोट्यवधी लोकांच्या बोलण्यावरून शिकलेलं असतं. साठी ओलांडलेली बाई, समोर मुलगा, मुलाने काहीतरी विचारलेलं. अशा वेळी बाया काय म्हणतात? तू म्हणशील तसं.

"यंत्र खोटं नाही बोलत, काका," प्रणिता म्हणाली. "ते सरासरी बोलतं."

पंचफुलाबाई सरासरीत कधी बसली नव्हती.

कंठिका आल्यावर मी पहिल्यांदा चहाला गेलो, तेव्हा तिने डोळे वटारले, डाव्या हाताने स्टूल दाखवलं, ओठ हलवले. गळ्यातून स्टेशनवरच्या घोषणेसारखा गोड आवाज आला, "आपण आलात, फार बरं वाटलं. कृपया बसून घ्या." तिने कपाळावर हात मारून पुन्हा ओठ हलवले. कंठिका म्हणाली, "माझी प्रकृती उत्तम आहे."

पुढच्या दोन वर्षांच्या माझ्या नोंदी अशा. कँटीनमध्ये बसून चहा पिणारे मास्तर सातावरून एकोणीसवर गेले. सणासुदीलाही फोन टाळणारी सून आठवड्यातून दोनदा फोन करू लागली. दुखण्याने बाई किती निवळली, असं सगळे म्हणत. निवळलेल्या बाईचे डोळे कुणी पाहत नव्हतं. कंपनीकडे तक्रारीची सोय होती, पण ती तोंडी. तिने तीनदा केली. तिन्ही वेळा कंठिकेने कळवलं की सेवा समाधानकारक आहे.

तिचा मुलगा प्रफुल्ल पुण्याला असतो. वाईट नाही, फक्त फोनवर जेवढं ऐकू येतं तेवढ्यावर विश्वास ठेवणारा. या जूनमध्ये तो आला आणि कँटीनच्या बाकावर आईसमोर बसला. मी बाजूलाच होतो.

"माय, पुण्यात चांगला ज्येष्ठ निवास पाहिला. डॉक्टर आहे, तुझ्या वयाच्या बाया आहेत. इथं मागच्या खोलीत एकटी राहतेस, रात्री काही झालं तर? येशील ना?"

पंचफुलाबाईचे ओठ हलले. तीस वर्षं ते तोंड पाहिलेल्या कुणालाही तो शब्द ऐकू आला असता. कंठिका म्हणाली, "तुम्ही सगळे म्हणाल तसं, बाळा."

तिने झारा फेकला. तो भिंतीला लागला. प्रफुल्लने निवासाच्या अर्जात लिहिलं, चिडचिड अधूनमधून.

बोलसंमतीचा कायदा आल्यापासून सह्या आणि अंगठे गेले. आता माणसाचं बोलणं हीच सही. ऑगस्टमध्ये एका गुरुवारी कँटीनच्या दारावर नोटीस लागली. श्रीमती ताथोड यांना निवासात दाखल करण्याबाबत पुढील बुधवारी सकाळी अकरा वाजता जागेवर सुनावणी होईल. हरकत असल्यास त्यांनी ती स्वतःच्या आवाजात तोंडी नोंदवावी. हरकत न आल्यास संमती आहे असे गृहीत धरण्यात येईल.

तिने पाटीवर डाव्या हाताने 'नाई' लिहून त्याच दिवशी कचेरीत पाठवलं. अक्षर अभिलेखाशी जुळत नाही म्हणून पाटी परत आली. मान हलवावी, तर अर्धांगात मान हलतेच असं फाइलमध्ये आधीच लिहिलेलं. कंठिका घालून बोलावं, तर होकार. काढून बसावं, तर गप्प बसणं म्हणजेही होकार.

शुक्रवारी दुपारी ती काठी टेकत भांडारात आली. इतक्या वर्षांत ती माझ्याकडे कधी आली नव्हती. माणसांनी तिच्याकडे जायचं, अशी रीत होती. तिने गळ्यातली कंठिका काढली, माझ्या उघड्या रजिस्टरवर ठेवली आणि पाटी पुढे केली. पाटीवर लिहिलं होतं, 'दुसरा दे.'

"बाई, माझ्याकडे खुर्च्या आहेत, बीकर आहेत," मी म्हणालो. "गळा कुठून देऊ?"

तिच्यामागून प्रणिता आत आली. "काका, कपाट नंबर चार."

नऊ वर्षं प्रणिता ते कपाट मागत होती आणि नऊ वर्षं मी देत नव्हतो. त्यात सत्तावीस साली आलेली वीस डेव्हलपमेंट मॉड्यूलं होती आणि त्यांचे वीस एक्सपान्शन बोर्ड, विद्यार्थ्यांच्या प्रयोगांसाठी घेतलेले. विद्यार्थ्यांना दिले तर मोडतील, मोडले तर चौकशी लागेल, म्हणून कुणालाच दिले नाहीत. दरवर्षी पडताळणीला कपाट उघडायचं, खोकी मोजायची, कपाट लावायचं. आमच्याकडे याला जतन म्हणतात.

"नवीन घे की बाजारातून," मी म्हणालो.

"नवीन चालत नाही. हल्लीच्या कुठल्याही मॉड्यूलला कंपनीची डिजिटल मोहोर असलेलाच प्रोग्राम लागतो. आपण लिहिलेला घातला की अर्ध्या सेकंदात बंद. सत्तावीस सालची मॉड्यूलं मोहोर विचारत नाहीत. लोकांनी ती वापरून कधीच संपवली." तिने कपाटाकडे बोट केलं. "तुमची तेवढी उरली."

याचं श्रेय घ्यावं की लाज धरावी, हे मी अजून ठरवलेलं नाही. निवृत्तीला सात आठवडे होते. रजिस्टर स्वच्छ होतं. एक खोकं बाहेर गेलं की ते स्वच्छ राहणार नव्हतं. मी पंचफुलाबाईकडे पाहिलं. ती माझ्या टेबलावरचा चहाचा कप पाहत होती. कप तिचाच होता, तीन वर्षांपूर्वीचा, परत न केलेला. मी किल्ली काढली.

शनिवारी सकाळी प्रयोगशाळेत प्रणिताने मांडामांड केली. मॉड्यूल म्हणजे बिस्किटाएवढी हिरवी पट्टी. त्यावर बुद्धी आहे, स्मरण आहे, पण वीज घ्यायला जागा नाही आणि बोलायला तोंड नाही. एका कडेला फक्त सोनेरी दातांची ओळ. ते दात एक्सपान्शन बोर्डाच्या खाचेत बसले की बोर्ड तिला वीज देतो, कान देतो, स्पीकर देतो. प्रणिताने बोर्डाला चार खांब लावून तो टेबलावर उभा केला. मॉड्यूल तिरपं धरून खाचेत सरकवलं, हलकेच खाली दाबलं, दोन्ही बाजूंचे चिमटे टकटक बसले. मेमरी कार्डावरून सुरू हो, असं सांगणारी एक छोटी टोपी दोन पिनांवर चढवली. वीज दिली.

हिरवा दिवा लागायला हवा होता. लागला नाही.

तिने दुसरं मॉड्यूल लावलं. तिसरं. पाचव्यानंतर ती घाम पुसत खिडकीशी गेली आणि मॉड्यूल भिंगाखाली धरलं.

"काका, हे पांढरं काय आहे?"

मी भिंगातून पाहिलं. माझंच अक्षर होतं.

"नंबर आहे," मी म्हणालो. "टिकाऊ वस्तूवर डेडस्टॉक नंबर ऑइल पेंटने टाकायचा, असा नियम आहे. माल आला तेव्हा सील फोडून वीसही नगांवर टाकले आणि परत सील केलं."

"कुठे टाकले?"

"वर सगळ्या चिपा होत्या. सपाट, मोकळी जागा एवढीच दिसली. त्या सोनेरी कडेची."

"तुम्ही दातांवर पेंट मारला."

"बारीक ब्रशने मारला. सुवाच्य आहे."

पंचफुलाबाई कोपऱ्यात बसली होती. कंठिका नव्हती, आवाज नव्हता. तिचे ओठ नुसते हलले, पण मला सगळं ऐकू आलं, माझ्या आजोबांपर्यंतचं.

चौदा वर्षांचा पेंट दगडासारखा झालेला. जोरात खरवडला तर खालचा सोन्याचा मुलामा जाईल, म्हणून थिनरमध्ये बुडवलेला कापूस आणि मग शाळेचं खोडरबर, एकेक दात. नियमाने नंबर पुसलेली वस्तू ही चोरीची वस्तू. प्रणिता खोडरबर घेऊन बसणार होती, मी तिच्या हातातून घेतलं. मीच लिहिलं होतं, मीच खोडलं. दुपारी दोन वाजता दात चकाकले, मॉड्यूल पुन्हा खाचेत बसलं, आणि हिरवा दिवा लागून लुकलुकू लागला. पंचफुलाबाईने काठी जमिनीवर आपटली. ती टाळी होती.

पुढची अडचण भुणभुणीची. भिंतीतल्या तारांमधली वीज अंगावरही उमटते, आणि गळ्याच्या चाहुलीपुढे ती म्हणजे कुजबुजीपुढे बँड. प्रणिताने बोर्ड बॅटरीवर घेतला, स्टीलच्या जेवणाच्या डब्यात बसवला, आणि एक जादा चकती बाईच्या गळ्याखालच्या हाडावर चिकटवली. हाड बोलत नाही. हाडावर जे ऐकू येतं ती नुसती भुणभुण. ती बाकीच्यांतून वजा केली की उरतो तो गळा.

"संभाव्य काय, हे यात काही नाही," प्रणिता म्हणाली. "मावशी, चाळीस शब्द तुम्ही निवडा. प्रत्येक पन्नास वेळा म्हणा. बोर्ड फक्त तेवढेच ओळखेल. जुळला तर बोलेल, खात्री नसली तर गप्प बसेल."

पंचफुलाबाईने पाटी घेतली. पहिला शब्द: नाई. मग चूल, चहा, साखर, बस, जाय, माह्यं, घर, कँटीन. मग ओळीने अकरा शिव्या, त्यांतल्या दोन मलाही नवीन. एकतिसावा शब्द माझं नाव, तेही बिघडवलेलं. प्रणिताने यादी वरून खाली वाचली.

"मावशी, 'हो' राहिलं."

बाईने पाटी पुसून लिहिलं, 'ते त्या पट्टीत लय हाय.'

आवाज कुणाचा घालायचा, हा प्रश्न उरला. त्याचं उत्तर माझ्या तिजोरीत होतं. बारा वर्षांपूर्वी गावंडे सर स्टाफ मीटिंगला कँटीनचे कप घेऊन गेले होते. परत करताना जे ऐकलं ते त्यांनी खिशातल्या फोनवर टिपलं आणि अर्वाच्य भाषेची तक्रार केली. चौकशी समिती बसली, समज देण्यात आली, आणि पुरावा म्हणून एक पेनड्राइव्ह लाखेचं सील लावून भांडारात जमा झाला. पाकिटावर तीन सह्या आणि शिक्का: 'सदर आवाज श्रीमती पंचफुला ताथोड यांचाच असल्याची खात्री केली.' गावंडे सर आता आमचे प्राचार्य आहेत.

एका दिवसात मी दुसरं सील फोडलं. सवय लागते.

"काऊन बे मास्तर," स्पीकर कडाडला, "तीस कप नेले अन् अठ्ठावीस आणून देतं? दोन काय खाल्ले?"

त्रेचाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं. यादीतले बहुतेक शब्द त्यात होते, काही अनेकदा. राहिले ते प्रणिताने अक्षरं जोडून केले. पंचफुलाबाई काही वेळ नुसती ऐकत होती. मग तवा तापला का पाहतात तसा तिने डावा तळवा स्पीकरवर धरला, आणि पूर्ण त्रेचाळीस मिनिटं काढला नाही. प्रणिता उगाच खिडकीबाहेर पाहत राहिली. मी पाकिटावरच्या सह्या पुन्हा पुन्हा वाचत राहिलो.

रविवार, सोमवार, मंगळवार ती शब्द म्हणत होती. चाळीस गुणिले पन्नास.

बुधवारी अकराला अधिकारीबाई आल्या, सोनटक्के मॅडम. नीटनेटक्या, घाईतल्या. प्रफुल्ल पुण्याहून आला होता, आईची बॅग भरून तयार.

"आजी, कंठिका लावा," मॅडम म्हणाल्या.

पंचफुलाबाईने टेबलावरची कंठिका उचलली, साखरेच्या डब्यात टाकली आणि झाकण लावलं. मग प्रणिताने चकत्या चिकटवल्या आणि तारा स्टीलच्या डब्याला जोडल्या.

"हे उपकरण प्रमाणित नाही."

"नाही," मी म्हणालो. "पण मॅडम, प्रमाणित उपकरणाची अट संमतीच्या कलमात आहे. हरकतीच्या कलमात फक्त 'स्वतःच्या आवाजात' एवढंच आहे. बाया हरकत घेतील असं लिहिणाऱ्याला वाटलं नसावं."

"आवाज त्यांचाच, हे कशावरून?"

मी पाकीट पुढे केलं. लाख, शिक्का, तीन सह्या. मॅडमनी दोनदा वाचलं, पेनड्राइव्ह टॅब्लेटला लावला, आवाज जुळवण्याचं बटण दाबलं आणि पंचफुलाबाईकडे वळल्या. "आजी, तुम्हाला पुण्याच्या निवासात जायचं आहे का?"

डबा म्हणाला, "नाई."

कँटीनमधली भांडी घासायची थांबली. दोन वर्षांत कुणी तो आवाज ऐकला नव्हता. टॅब्लेटवर अक्षरं उमटली: आवाज जुळतो.

"कारण सांगू शकाल?"

डब्यावरचा दिवा लुकलुकला. मग, "माह्यं घर." आणि पुन्हा, विचारलं नसताना, "नाई."

प्रफुल्लच्या हातातली बॅग हातातच राहिली. "माय, मी जूनमध्ये विचारलं तेव्हा तू म्हणालीस..." त्याने साखरेच्या डब्याकडे पाहिलं. "दोन वर्षांत तू मला एकदाही शिवी नाही घातलीस. मला वाटलं, आपलं आता जमायला लागलं."

पंचफुलाबाई त्याच्याकडे बघत होती. तिच्या गळ्याची शीर हलली.

"टोणग्या," डबा म्हणाला.

लहानपणी शाळा बुडवून कँटीनच्या बाकाखाली लपायचा, तेव्हाचं ते नाव. प्रफुल्लने तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते.

"बस," डबा म्हणाला. "चहा."

तो बसला. मॅडमनी टॅब्लेटवर हरकत नोंदवली, कारणाच्या रकान्यात 'घर' असं लिहिलं, आणि चहा नको म्हणायच्या बेतात होत्या. डब्यावरचा दिवा लुकलुकताना पाहून त्याही बसल्या.

त्यानंतरच्या नोंदी. कँटीनमध्ये बसणारे मास्तर एकोणीसवरून सहावर आले. सुनेचे फोन महिन्यातून एकावर, पण प्रफुल्ल आता दर शनिवारी स्वतः फोन करतो आणि शिव्या खातो. आमच्या गावात आणि आजूबाजूला कंठिका घातलेली माणसं बरीच निघाली. एक निवृत्त तलाठी आले, घरच्यांशी दोन वर्षं गोड बोलून थकलेले. एक तरुण मुलगी आली. कंठिकेने तिच्या लग्नाला होकार दिला होता. प्रणिताने कपाट नंबर चारची किल्ली मागितली, या वेळी मी कारण विचारलं नाही. एकोणीस मॉड्यूलांचे दात मीच साफ केले. हात आता बसला आहे.

निवृत्तीच्या आठवड्यात पडताळणी झाली. वीस संच कमी, एक सील फुटलेलं पाकीट. गावंडे सरांनी केबिनमध्ये बोलावलं.

"इंगोले, वस्तू परत आल्याशिवाय ना-हरकत दाखला मिळणार नाही. प्रत्येक धारकाकडे जाऊन रीतसर मागा. सुरुवात कँटीनपासून करा."

"तुम्ही येता का, सर? तुमचा तिच्याशी जुना परिचय आहे."

त्यांना मीटिंग होती.

मी मागणीपत्र घेऊन कँटीनला गेलो. पंचफुलाबाई चुलीपाशी खुर्चीवर, कमरेला डबा. मी पत्र वाचून दाखवलं, सरकारी मालमत्ता वगैरे सगळं.

"बाई, बोर्ड परत करा."

"नाई."

"मी नियमाने मागतोय. माझा दाखला अडकलाय."

"नाई," डबा म्हणाला. मग दिवा जरा जास्त वेळ लुकलुकला. "इंगोल्या. बस. चहा."

मी बसलो. चहा प्यालो. जाताना तिने माझ्या रिकाम्या हातांकडे काठी रोखली, आणि तीन वर्षांपूर्वीचा तो कप मी दुसऱ्या दिवशी आणून दिला.

रजिस्टरमध्ये त्या नोंदीसमोर, शेऱ्याच्या रकान्यात, माझ्या नोकरीतलं शेवटचं वाक्य शाईने लिहिलेलं आहे. मागणी केली. धारकाने स्वतःच्या आवाजात हरकत घेतली.